चार फळ्या, बारा मात्रा, साठ खुर्च्या

स्पॅनिश भाषेत 'ताब्ला' म्हणजे फळी. फळ्या जोडून केलेला मंच तो 'ताब्लादो'. अंदालुसियातली माणसे बोलताना मधला 'द' खाऊन टाकतात, म्हणून त्याचा झाला 'ताब्लाओ'. जिथे रोज रात्री तिकीट लावून फ्लामेंको सादर होते अशा छोट्या जागेला आज हेच नाव आहे. आपल्या तबल्याशी या शब्दाचे नाते नाही. तबला अरबीतल्या 'तब्ल'वरून आला, ताब्लाओ लॅटिनमधून. तरीही नाव ऐकताच मराठी माणसाला तबला आठवला तर त्यात वावगे काही नाही, कारण त्या फळ्या तिथे खरोखरच वाजवल्या जातात. नर्तकीच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात, मंचाखाली पोकळी असते, आणि पाय पडला की सगळी खोली घुमते.

स्पेनला जाणाऱ्या प्रवाशांना एक सल्ला हमखास मिळतो: अस्सल फ्लामेंको अनुभवायचे असेल तर मोठे नाट्यगृह टाळा, लहान जागा शोधा. हा सल्ला बरोबर आहे. पण त्याचे जे कारण सांगितले जाते ते मला पटत नाही. लहान खोलीत फ्लामेंको 'मूळ स्वरूपात' उरले आहे, तिथे बाजार पोचलेला नाही, असे सुचवले जाते. गेली काही वर्षे या विषयावरचे जे हाती लागेल ते वाचून, ध्वनिमुद्रणे ऐकून आणि सेव्हिल, हेरेस, ग्रानादा इथल्या काही मैफली जवळून पाहून माझे मत वेगळे बनले आहे. लहान खोली हा या कलेच्या यंत्रणेचाच एक भाग आहे. ती नसेल तर काही गोष्टी घडूच शकत नाहीत. आणि बाजार म्हणाल, तर तो या खोलीत पहिल्यापासून आहे. प्रश्न एवढाच की खोली कोणाच्या ताब्यात होती आणि जवळ बसण्याचा मोबदला कोण, कसा देत होते.

खोलीत काय असते

सेव्हिलमधल्या एका जुन्या घराच्या चौकात मी पाहिलेली मैफल नमुन्यादाखल घेतो. आपल्याकडच्या वाड्यासारखेच घर: मधे चौक, चारी बाजूंनी खांब, वर पडवी. चौकाच्या एका टोकाला हातभर उंचीचा लाकडी मंच आणि त्यावर लव्हाळ्याने विणलेल्या बैठकीच्या चार खुर्च्या. समोर तीन बाजूंनी श्रोत्यांच्या खुर्च्या, फार तर साठ. ध्वनिक्षेपक नव्हता. पहिल्या रांगेपासून नर्तकीचे पाऊल चार-पाच फुटांवर.

माणसे चारच होती. गायक, म्हणजे 'कान्ताओर', गिटारवादक, 'तोकाओर', नर्तकी, 'बायलाओरा', आणि टाळ्या वाजवणारा 'पाल्मेरो'. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की नृत्य मुख्य आणि बाकीचे साथीला. या कलेतल्या जाणत्यांचा क्रम उलटा असतो. आधी 'कान्ते', म्हणजे गाणे, मग गिटार, मग नाच. नर्तकी गाण्यावर नाचते, गाण्याची वाट पाहते, गायकाचे शब्द चालू असताना पाय आवरते. गायक थांबला की तिच्या पायांना वाट मोकळी होते. हे एकदा ध्यानात आले की सगळी मैफल वेगळी दिसू लागते. नर्तकी स्थिर उभी असते तेव्हा 'काही घडत नाही' असे वाटते, पण त्या वेळी ती ऐकत असते आणि आपणही ऐकावे अशी अपेक्षा असते.

लहान जागा इथे पहिल्यांदा उपयोगी पडते ती आवाजासाठी. फ्लामेंकोची गिटार बहुधा सायप्रसच्या पातळ, हलक्या लाकडाची करतात. तारा पट्टीच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे तिचा आवाज चटकन उमटतो आणि चटकन विरतो. अभिजात पाश्चात्त्य गिटारीसारखा तो रेंगाळत नाही. वादक मधूनच बोटाने गिटारीच्या अंगावर टकटक करतो, त्यासाठी तिथे एक संरक्षक पत्रा चिकटवलेला असतो. गायकाची पट्टी पाहून तो गिटारीच्या मानेवर एक चाप सरकवतो, की झाले सूर जुळवून. हे सगळे वाद्य जवळ बसलेल्या माणसांसाठी घडलेले आहे. दूरवर पोचण्याऐवजी चटकन बोलणे हा त्याचा गुण. मोठ्या सभागृहात ते ध्वनिक्षेपकातून ऐकवावे लागते आणि मग टकटक, पावले, टाळ्या, गळा या सगळ्यांचा आवाज एकाच कर्ण्यातून, एकाच उंचीचा होऊन येतो. खोलीत मात्र गळा डावीकडून येतो, पाय जमिनीतून येतात, टाळी भिंतीवर आपटून येते.

बारा मात्रांचा करार

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या रात्री मंचावरच्या चौघांनी त्या कार्यक्रमाची तालीम केलेली नव्हती. ताब्लाओमध्ये हे नेहमीचे आहे. कलावंत बदलत राहतात. कधी कधी नर्तकी आणि गायक त्याच संध्याकाळी पहिल्यांदा भेटतात. 'आज सोलेआ करू, मग आलेग्रियास' एवढे ठरते आणि ते मंचावर चढतात. तरीही पाऊणएक तासात कुणी अडखळत नाही. याचे रहस्य 'कोम्पास' या शब्दात आहे.

कोम्पास म्हणजे तालाचे आवर्तन, पण त्याबरोबर त्या आवर्तनात वागण्याचे नियमही. फ्लामेंकोतल्या गीतप्रकारांना 'पालो' म्हणतात आणि प्रत्येक पालोचा कोम्पास ठरलेला असतो. 'तांगोस' चार मात्रांचा. 'सोलेआ', 'आलेग्रियास', 'बुलेरिया' हे बारा मात्रांचे. बारा मात्रा म्हटल्या की आपल्याला एकताल आठवतो. पण एकतालात दोन-दोनचे सहा समान विभाग असतात, तर सोलेआत जोर येतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे दोनदा तीन-तीनची चाल आणि मग तीनदा दोन-दोनची. एकाच आवर्तनात तिस्र आणि चतस्र चालीचा पाठशिवणीचा खेळ. 'सेगिरिया' हा सर्वांत गंभीर पालोही याच साखळीतला आहे. ती साखळी आठव्या मात्रेपासून धरली की दोन, दोन, तीन, तीन, दोन अशी लंगडत चालणारी लय तयार होते, तीच सेगिरियाची.

आपला कान पहिल्या मात्रेवर सम शोधतो. इथे पहिली मात्रा बिनजोराची असते. सोलेआत गिटारीचे वाक्य दहाव्या मात्रेवर मिटते. अकरावी आणि बारावी म्हणजे श्वास. म्हणून हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला सुरुवातीला हा ताल उलटा लागतो. मी घरी बोटांवर बारा मोजत, दहावर मूठ मिटायची असा सराव केला तेव्हा कुठे आवर्तन अंगात बसले. हा खटाटोप प्रत्येकाने करावा असे नाही, पण 'दहावर मिटते' एवढे जरी लक्षात ठेवून खोलीत बसले तरी खूप काही ऐकू येते.

या कोम्पासच्या चौकटीत नर्तकी बाकीच्यांशी बोलते ती पायांनी. तिला गायकाने नवे कडवे सुरू करावे असे वाटले की ती एक ठसठशीत पदन्यास करून आवर्तनाच्या ठरलेल्या जागी थांबते. याला 'यामादा' म्हणतात, म्हणजे हाक. हाक ऐकली की गायक शब्द घेतो. कडव्याच्या ओळीनंतर ती छोटा, तडफदार शेवट करते, तो 'रेमाते'. गाणे थांबवून केवळ पायांचे काम चालते ती 'एस्कोबिया'. हळूहळू लय वाढते आणि बहुधा शेवट बुलेरियात होतो. कधी यामादा करायची, एस्कोबिया किती लांबवायची हे ती त्या क्षणी ठरवते. गिटारवादकाची नजर तिच्या पायांवर आणि खांद्यांवर खिळलेली असते. पाल्मेरो तिच्या पाठीकडे पाहत टाळी बदलतो.

आता ही माणसे एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर नेऊन बसवा. नजर चुकते, श्वास ऐकू येत नाही, आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. मोठ्या रंगमंचावर म्हणूनच सगळे आधी बसवावे लागते: किती आवर्तने, कुठे हाक, कुठे प्रकाश. त्यातून फार मोठ्या दर्जाची निर्मिती झालेली आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ती रचना असते. ताब्लाओतला व्यवहार हा त्या घडीचा करार असतो, आणि तो करताना आपण त्यांना पाहू शकतो.

टाळी कोणी वाजवायची

तिसरी गोष्ट श्रोत्यांची. फ्लामेंकोत दाद देण्याला 'हालेओ' म्हणतात. मूळ अर्थ गलका. 'ओले' हा त्यातला जगभर माहीत झालेला शब्द. शिवाय 'वामोस', 'असं गातात!' अशा अर्थाचे उद्गार, कलावंताच्या नावाने दिलेली हाक. बैठकीत ऐकलेल्या मराठी रसिकाला हे ओळखीचे वाटेल. समेवर येणारी 'वाहवा' आणि रेमातेनंतर येणारे 'ओले' यांचे काम बरेचसे सारखे आहे. पण एक फरक आहे. इथला हालेओ सर्वांत आधी मंचावरून येतो. गिटारवादक गायकाला दाद देतो, गायक नर्तकीला, पाल्मेरो सगळ्यांना. ते कौतुक असते, तसाच पुढच्या आवर्तनासाठी दिलेला रेटाही असतो. जाणकार श्रोता त्यात आपला शब्द घालतो, पण योग्य जागा पाहून. चुकीच्या मात्रेवर ओरडलेले 'ओले' त्यांना खटकते.

टाळीचे तर शास्त्रच आहे. बोटे तळहातावर आपटून काढलेली कडक टाळी वेगळी आणि दोन्ही तळवे पोकळ करून काढलेली दबकी टाळी वेगळी. गाणे किंवा हळू गिटार चालू असताना दबकी. पायांचे काम जोरात आले की कडक. दोन माणसे असतील तर एक मात्रेवर वाजवतो, दुसरा मात्रांच्या मधल्या फटीत. म्हणजे टाळी हे तिथले वाद्य आहे. आपल्या भजनात सगळ्यांनी टाळी धरावी हा धर्म. इथे श्रोत्यांनी धरू नये हा शिष्टाचार. साठ पाहुण्यांनी उत्साहाने एक-दोन, एक-दोन अशी टाळी धरली की बारा मात्रांचा तोल ढळतो, आणि मंचावरची माणसे तो सावरण्यात गुंततात. मोठ्या सभागृहात अशी टाळी विरून जाते. खोलीत ती थेट कलावंताच्या पायात येते.

म्हणजे जवळ बसलेला माणूस तटस्थ राहूच शकत नाही. त्याचे मौन, त्याचा फोनचा उजेड, त्याची दाद, त्याची चुळबुळ, सगळे मंचावर पोचते. लोर्काने १९३३ साली ब्युनोस आयरेसमध्ये 'दुएन्दे'वर दिलेले व्याख्यान प्रसिद्ध आहे. कलावंताला झपाटून टाकणारी, मृत्यूची जाणीव असलेली शक्ती म्हणून त्याने दुएन्दे मांडला. तेव्हापासून प्रवासी त्या दुएन्देची वाट पाहत बसतात. मला वाटते, वाट पाहण्यापेक्षा शांत बसणे आणि दहावी मात्रा ऐकणे अधिक उपयोगाचे.

आपले नाते: किती खरे, किती कल्पित

फ्लामेंकोचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले: 'ते तर आपलेच, कथकमधून गेलेले.' त्याचा विचार करायलाच हवा, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावर चढवलेली एक कल्पित.

खरी गोष्ट भाषेची. स्पेनमधले खितानो हे रोमा लोकांपैकी, आणि रोमा लोकांची भाषा भारतीय आर्य कुळातली आहे हे अठराव्या शतकाच्या अखेरीसच युरोपीय भाषापंडितांच्या ध्यानात आले होते. साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले. १४२५ साली आरागॉनच्या राजाने त्यांच्यातल्या एका प्रमुखाला दिलेला प्रवासाचा परवाना ही स्पेनमधली त्यांची पहिली लेखी नोंद मानतात. त्यांच्या बोलीला 'कालो' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ काळा. पाण्याला कालोत 'पान्यी', दोनला 'दुई'. प्रेम करण्याला 'कामेलार', ज्यात आपला 'काम' आहे. मराठी माणसाने हे ऐकून हरखावे यात नवल नाही.

कल्पित गोष्ट नृत्याची. आज आपण पाहतो ते कथक लखनौ, जयपूरच्या दरबारांत गेल्या दोन-तीन शतकांत घडले. फ्लामेंको या नावाने ओळखली जाणारी कला छापील नोंदींत येते ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. दोन्ही कला रोमांच्या स्थलांतराहून कितीतरी नंतरच्या. पाय आपटण्यातले साम्य जाणवते, पण एकीकडे अनवाणी पाय आणि घुंगरू, दुसरीकडे खिळ्यांचे बूट. शिवाय फ्लामेंकोत अंदालुसियाचे लोकगीत आहे, फान्दांगो आहे, स्पॅनिश बोलेरो नृत्याची शाळा आहे, अटलांटिक ओलांडून गेलेल्या आणि परत आलेल्या आफ्रिकी-अमेरिकी लयी आहेत. आज प्रत्येक ताब्लाओत दिसणारे 'काहोन' हे खोक्यासारखे वाद्य पेरूमधले. ते फ्लामेंकोत आले १९७०च्या दशकाच्या अखेरीस, पाको दे लुसियाच्या हातून.

खितानोंचा वाटा मोठा आहे, पण तो हजार वर्षे जपलेल्या गाठोड्याचा नाही. तो स्पेनमध्ये भोगलेल्या चार-पाच शतकांचा आहे. १४९९पासून त्यांची भाषा, पेहराव, भटकणे यांवर बंदीचे कायदे निघत गेले. १७४९च्या जुलैमध्ये तर सगळ्या राज्यभर एकाच वेळी धरपकड झाली. हजारो स्त्री-पुरुष-मुले पकडून पुरुषांना गोद्यांत सक्तमजुरीला जुंपले, बायका-मुलांना वेगळे डांबले. गिटारीशिवाय गायल्या जाणाऱ्या 'तोना', 'कार्सेलेरा' या गाण्यांत तुरुंग आणि बेड्या वारंवार येतात त्या उगाच नव्हेत. ताब्लाओत बसून 'हे आपलेच' म्हणण्यापूर्वी हा त्यांचा इतिहास त्यांच्या नावावर ठेवणे मला जरुरीचे वाटते.

खोली कोणाच्या ताब्यात

खितानोंच्या घरांत, लोहारकामाच्या भट्ट्यांपाशी, लग्नात, बारशात हे गाणे होतेच. त्याचे धंद्यात रूपांतर झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, 'काफे कान्तान्ते'मध्ये. टेबले, दारू, एका टोकाला मंच, पगारी कलावंत. १८८१ साली सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती या मोठ्या गायकाने सेव्हिलमध्ये स्वतःच्या नावाचे काफे उघडले. सिल्वेरियो खितानो नव्हता. त्याच्या बापाचे मूळ इटलीचे. पण खितानो गाण्यावर त्याचे प्रभुत्व होते. त्याच १८८१ साली 'देमोफिलो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या आंतोनियो माचादो इ आल्वारेस या लोकविद्येच्या अभ्यासकाने फ्लामेंको गीतांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध केला आणि काफेंमुळे हे गाणे बिघडून संपेल अशी भीती व्यक्त केली. म्हणजे फ्लामेंकोला बाजाराने भ्रष्ट केले ही तक्रार त्याच्या पहिल्या ग्रंथाइतकीच जुनी आहे.

प्रत्यक्षात झाले उलटे. ज्या पालोंची नावे वर घेतली त्यांना आजचा आकार आला तो बराचसा या काफेंच्या काळात. रोज रात्री गावे लागणे, शेजारच्या काफेशी स्पर्धा, गिटारवादकाची कायमची साथ यांतून कला घडली. चाळीस वर्षांनी, १९२२च्या जूनमध्ये, संगीतकार मान्युएल दे फाया आणि तरुण लोर्का यांनी ग्रानादाच्या आलाम्ब्रात 'कान्ते होन्दो'ची, म्हणजे खोल गाण्याची स्पर्धा भरवली. व्यावसायिक गायकांना तिथे मज्जाव होता. पण परीक्षकांचे प्रमुख होते आंतोनियो चाकोन, जे सिल्वेरियोच्या काफेतून पुढे आलेले. बक्षीस मिळवणाऱ्यांत एक पोरगा होता, मानोलो काराकोल. त्याने मोठेपणी, १९६३ साली, माद्रिदमध्ये काढले ते स्वतःचे ताब्लाओ.

काफे आणि ताब्लाओ यांच्या मधल्या काळात दोन टोके होती. एकीकडे 'ऑपेरा फ्लामेंका' नावाचे प्रचंड खेळ, बैलझुंजीच्या रिंगणांत, हजारो प्रेक्षकांपुढे. दुसरीकडे 'हुएर्गा', म्हणजे खाजगी मैफल. सेव्हिलच्या आलामेदा दे एर्कुलेस चौकात संध्याकाळी कलावंत येऊन थांबत. एखादा 'सेन्योरितो', म्हणजे जमीनदाराचा मुलगा, पाच-सहा जणांना उचलून मद्यालयातल्या मागच्या खोलीत नेई. पहाटेपर्यंत गाणे चाले. पैसे किती हे सेन्योरितोच्या मर्जीवर. बायकांना सोसावे लागे ते वेगळेच. आपल्या संगीतबारीच्या खाजगी बैठकींबद्दल ज्यांनी वाचले आहे त्यांना या खोलीची कल्पना सहज येईल.

त्या मागच्या खोलीत गायल्या गेलेल्या काही सेगिरियांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात, इतके ते गाणे उंचीचे होते. जागा लहान, श्रोते चार, ध्वनिक्षेपक नाही. जवळिकीचे जे काही निकष असतील ते सगळे तिथे होते. फक्त उठून जाण्याची मुभा गाणाऱ्याला नव्हती. म्हणून मला 'लहान खोली म्हणजे अस्सल' हे वाक्य अपुरे वाटते.

१९५४ साली माद्रिदमध्ये 'साम्ब्रा' उघडले, १९५६ साली 'कोर्राल दे ला मोरेरिया', १९६६ साली सेव्हिलचे 'लोस गायोस'. ताब्लाओंचा हा काळ फ्रँकोच्या हुकूमशाहीचा आणि वाढत्या पर्यटनाचा. ठिपक्यांचा झगा आणि कानामागचे फूल सरकारी जाहिरातींत गेले आणि पुष्कळ अभ्यासकांनी ताब्लाओला नाक मुरडले. पण ठरलेली वेळ, ठरलेली बिदागी आणि तिकिटाच्या मोबदल्यात तासाभराने घरी जाणारा श्रोता यांमुळे सेन्योरितोची सत्ता मोडली. एन्रिके मोरेन्ते तरुणपणी साम्ब्रात गायला. कामारोन दे ला इस्ला माद्रिदच्या 'तोर्रेस बेर्मेखास' या ताब्लाओत अनेक वर्षे गात होता. विसाव्या शतकातले हे दोन सर्वांत धाडसी गायक पर्यटकांपुढे रोज रात्री गाऊन तयार झाले.

याच्या जोडीला आणखी एक खोली आहे: 'पेन्या'. हे रसिकांचे मंडळ. ग्रानादाची 'पेन्या ला प्लातेरिया' १९४९ची, सर्वांत जुनी. तिचे नाव पडले ते रसिक जिथे जमत त्या चांदीकामाच्या दुकानावरून. सभासदांची वर्गणी, स्वतःची जागा, दारूचा छोटा ओटा आणि गाणे सुरू झाले की कडक शांतता. बरीच वर्षे पुष्कळ पेन्यांत पुरुषांचेच राज्य होते, हेही सांगायला हवे. पण खोली ऐकणाऱ्यांच्या मालकीची असणे म्हणजे काय, ते तिथे दिसते.

साठ खुर्च्यांचा हिशोब

आता आजचा प्रश्न. समजा, खोलीत साठ खुर्च्या आहेत आणि तिकीट पंचवीस युरो. सगळ्या खुर्च्या भरल्या तर एका खेळाचे १५०० युरो. त्यातून चार-पाच कलावंत, दारावरचा माणूस, कर, वीज, तिकीट विकून देणाऱ्याचे कमिशन, आणि जुन्या शहराच्या मध्यवस्तीतले भाडे. खुर्च्या वाढवता येत नाहीत. वाढवल्या तर वर सांगितलेली सगळी यंत्रणा बिघडते. मग उरतो एकच उपाय, खेळ वाढवणे. संध्याकाळी सातला एक, नऊला दुसरा. नर्तकीने तेच गुडघे, त्याच टाचा घेऊन पुन्हा उभे राहायचे आणि पुन्हा त्या घडीचा करार करायचा. जे आपल्याला एकदाच मिळालेले वाटते ते तिला आठवड्यात दहा वेळा निर्माण करावे लागते. यात खोटेपणा शोधणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

२०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्याआधी २००७च्या अंदालुसियाच्या स्वायत्तता कायद्यातही त्याचा खास उल्लेख झाला. पण यादीतल्या नावाने भाडे भरत नाही. २०२०च्या महासाथीत दारे बंद झाली तेव्हा माद्रिदचे 'कासा पातास' हे नामवंत ताब्लाओ कायमचे मिटले. सरकारी अनुदानाचे महोत्सव पुन्हा भरले; रोजच्या खोल्या सगळ्या परतल्या नाहीत. महोत्सवात वर्षातून एकदा गाणारा कलावंत उरलेले दिवस याच खोल्यांत शिकतो आणि पोट भरतो, हे विसरले जाते.

जागेचे दुखणे त्याहून जुने. सेव्हिलच्या त्रियाना भागात एका चौकाभोवती अनेक कुटुंबे राहत. आपल्या चाळीसारखीच ती बिऱ्हाडे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या खितानो कुटुंबांना शहराबाहेरच्या वसाहतींत हलवले गेले. नदीकाठच्या जमिनीला भाव आला होता. ज्या चौकांत लग्नाच्या रात्री बुलेरिया चाले ते चौक गेले. आज त्याच त्रियानात 'त्रियानाचे फ्लामेंको' तिकीट काढून पाहायला मिळते, आणि ज्यांच्या घरून ते आले त्यांची नातवंडे काही मैलांवरच्या इमारतींत राहतात. ग्रानादाच्या साक्रोमोन्तेच्या गुहांचे थोडेफार असेच झाले. १९६३च्या सुमाराच्या अतिवृष्टीनंतर तिथली बहुतेक कुटुंबे हलवली गेली आणि खेळ चालणाऱ्या गुहा उरल्या.

हे कळल्यावर ताब्लाओत जाऊ नये असे मला म्हणायचे नाही. उलट जावे. त्या खोलीत तिकीट काढून बसणारा माणूस हा सेन्योरितोचा वारस होऊ शकतो किंवा पेन्याच्या सभासदाचा. पैसे दिले म्हणून दुएन्दे मागणारा पहिल्या जातीचा. आधी गाणे ऐकणारा, नर्तकी स्थिर असताना फोन न उचलणारा, टाळी ज्यांची त्यांच्याकडे सोडणारा, आणि मोठ्या वातानुकूलित खेळाऐवजी त्याच पैशात गल्लीतली साठ खुर्च्यांची जागा शोधणारा दुसऱ्या जातीचा. जमले तर शहरातल्या पेन्याची चौकशीही करावी. पुष्कळ पेन्या बाहेरच्यांना येऊ देतात, गाणे चालू असताना तोंड बंद ठेवायची तयारी असली म्हणजे झाले.

लहान खोलीने या कलेला तिचा ताल दिला, नजरेची भाषा दिली, आणि अपमानही दिला. आज ती टिकते आहे ती खुर्च्या भरतात म्हणून. साठांतल्या एका खुर्चीवर बसणाऱ्याला वाटते आपण फक्त पाहायला आलो आहोत. पण बारा मात्रांचे ते आवर्तन फिरू लागले की त्या रात्रीपुरता तोही त्या हिशोबात धरलेला असतो.